लक्ष्मीबाई टिळक : एक आई, एक आजी



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा समितीचा निरोप आला आणि मला आठवले ते आपले ‘ऑफ’ तास. कोणी शिक्षक रजेवर असले की मराठीच्या बाई वर्गावर येत, पिशवीतून खाकी कव्हर घातलेले जाडजूड पुस्तक काढत आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवत. मागच्या बाकापर्यंत हशा पिकायचा. त्या हशामागे केवढे सोसणे होते, हे कळायला मला स्वतः आजी व्हावे लागले. म्हणून आज त्यांच्याबद्दलच लिहिते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या मनकर्णिका गोखले, घरात मनू. १८५७ च्या बंडात त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळे असे शिरले की बाजारातून आणलेले मीठ आणि साखरदेखील धुतल्याशिवाय घरात येत नसे. धुतल्यावर त्यातले उरत किती असेल, याचा हिशेब आपला आपण करावा!

अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. टिळक कवी, विद्वान, मनाचे उदार आणि तितकेच तापट. न सांगता घरातून निघून जावे, हातातले दुसऱ्याला देऊन टाकावे, नोकरी धरावी आणि सोडावी, असा त्यांचा स्वभाव. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकोला अक्षरओळख त्यांनीच करून दिली, पण धडा रागावल्याशिवाय क्वचितच पुरा होई. काही मुले लहानपणीच गेली. दत्तू तेवढा हाताशी राहिला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळात याचा अर्थ बायकोच्या दृष्टीने एकच होता : नवरा हयात आहे, पण संसार संपला. लक्ष्मीबाई खचल्या, आजारी पडल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. काही काळ पंढरपुरात काढला. अशी चार-पाच वर्षे गेली. दोघांत पत्रे चालू होती. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही, आणि लक्ष्मीबाईंनी मुलाच्या मनात बापाविषयी विष कालवले नाही. पहिल्यांदा ऐकताना ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नव्हती. आज सगळ्यात मोठी तीच वाटते.

पुढे त्या मुलाला घेऊन नगरला गेल्या. सुरुवातीला स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. लक्ष्मीबाई स्वतःच विचार करत राहिल्या आणि एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायला-प्यायला त्यांना अडचण उरली नाही. मीठ धुणाऱ्या घरात वाढलेली ही मुलगी! बाप्तिस्मा नंतर, १९०० साली झाला. मन त्याआधीच बदलले होते.

नगर-राहुरीच्या दिवसांत दुष्काळाने पोरकी झालेली मुले त्यांच्या घरात वाढली. प्लेगच्या छावणीत त्यांनी रोग्यांची सेवा केली. टिळकांच्या घरी येणाऱ्या-राहणाऱ्यांना गणती नव्हती, आणि डबे रिकामे असताना ताटे कशी वाढायची हा प्रश्न नेहमी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. आपण ज्यांच्या कविता पाठ केल्या ते बालकवी ठोंबरे याच घरात काही काळ राहिले. त्या हळव्या मुलाचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने काढले. १९१८ साली बालकवी रेल्वेखाली सापडून गेले आणि पुढल्याच वर्षी, मे १९१९ मध्ये, टिळकही गेले.

पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाई थांबल्या नाहीत. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी घेतली, मुलाबरोबर कराचीलाही जाऊन राहिल्या. टिळकांनी सुरू करून अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी साठाहून अधिक अध्याय रचून पुढे नेले. आणि वडिलांचे चरित्र लिहायचे म्हणून दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आईला आठवणी लिहून द्यायला सांगितल्या. आईने लिहायला घेतले आणि त्यातून मराठीतले एक थोर आत्मचरित्र उभे राहिले. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, आणि शेवटचा भाग त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. पुढे नातू अशोक टिळक यांनी आजीचे हे लेखन मेहनतीने तपासून, टिपा देऊन संपूर्ण स्वरूपात वाचकांपुढे ठेवले. मुलाने लिहिते केले, नातवाने जपले.

इथे माझे एक शल्य सांगते. माझ्या आईने चार मुले, दोन दीर आणि एक आंधळी सासू सांभाळली. तिच्याकडेही गोष्टी होत्या, आणि सांगायची तीही हसवत हसवतच. तिच्याकडून लिहून घ्यायचे म्हणून मी एक वही आणली होती. पहिल्या पानावर तारीख आहे आणि तिच्या माहेरच्या गावाचे नाव आहे. पुढची पाने कोरी आहेत. आज बसू, उद्या बसू म्हणता म्हणता ती गेली.

आपल्यापैकी काहींच्या आया अजून घरात आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे : या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. शुद्धलेखनाची काळजी करू नका, त्या बोलतील तसे उतरवून घ्या. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर आवाज तरी साठवून ठेवा. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ होणार नाहीत, पण तुमच्या नातवंडांना पणजी कोण होती ते कळेल.

मेळाव्याला बाई येणार आहेत, असे कळले. मी माझी प्रत पिशवीत घालून आणते आहे. कव्हरसुद्धा खाकीच घातले आहे. बाईंना जमले तर त्यांनीच वाचावे. नाहीतर आपण पाळीपाळीने वाचू, त्या ऐकतील.