आंद्रेस बेल्यो : अक्षर आणि आघात

आंद्रेस बेल्यो यांचा जन्म काराकास येथे १७८१ मध्ये झाला. १८१० मध्ये बोलिवारसमवेत ते लंडनला गेले. १८१२ मध्ये मायदेशीचे प्रजासत्ताक कोसळले आणि तेथील १९ वर्षे बव्हंशी विपन्नावस्थेत गेली. १८२९ मध्ये चिलीने त्यांना आश्रय दिला. स्पॅनिश छंद लघुगुरूंवर नव्हे, तर अक्षरसंख्या व आघात यांवर उभा आहे, हे त्यांनी १८३५ च्या उच्चार-छंदविषयक ग्रंथात लॅटिनच्या दडपणाखाली न येता प्रतिपादिले. त्यातील स्वरसंयोगाचे विवेचन आम्हांस विशेष मोलाचे वाटते. ‘दिओस’मधील इकार पुढील स्वरात मिसळून एकच अक्षर होते, ‘रीओ’त आघात इकारावरच पडतो, म्हणून अक्षरे दोन. (गणवृत्तांत मुरलेल्या कानाला हा भेद उशिरा जाणवतो.) लॅटिनप्रमाणे स्पॅनिशचीही शकले होतील, ही भीती त्यांच्या १८४७ च्या व्याकरणामागे होती, ते त्यांनी मुद्दाम अमेरिकावासीयांसाठी लिहिले. १८६५ मध्ये सान्तियागो येथे ते निवर्तले. काराकास त्यांना पुन्हा दिसले नाही.