शिंजिराला नाव देणारा कर्नल

महाबळेश्वरच्या रानात किंवा कोयनेच्या खोऱ्यात, फुललेल्या झाडापाशी एक चिमुकला पक्षी लगबग करताना दिसतो. नराचा गळा आणि छाती लालभडक, त्यावर पिवळ्या बारीक रेघा. अनेकजण त्याला हमिंगबर्ड समजतात. पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात; तिथल्या अँडीज पर्वतातील उंच गवताळ प्रदेशातही त्यांच्या काही जाती राहतात. आपला हा शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. दोघांचे कूळ निराळे. फुलातल्या मधाच्या ओढीने चोची तेवढ्या सारख्या लांब झाल्या. हमिंगबर्ड हवेत थबकून मध पितो, शिंजीर बहुधा डहाळीवर बसून.

पश्चिम घाटाच्या या खास रहिवाशाचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले ते विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने.

साइक्सचा जन्म १७९० चा. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८०५ मध्ये, तो भरतपूरच्या वेढ्यात होता. पुढे १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत तो पेशव्यांविरुद्ध लढला. ज्या मुलखाचे राज्य बुडवण्यात त्याचा हात होता, त्याच मुलखाची पुढे त्याने बारकाईने मोजदाद केली. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, पिके, हवामान यांच्या नोंदींबरोबर त्याने पक्षी, मासे आणि जनावरेही टिपली. १८२९ मध्ये ते पदच सरकारने रद्द केले. साइक्सने मात्र काम अर्धवट टाकले नाही. ते संपवून तो १८३१ मध्ये युरोपला परतला.

१८३२ मध्ये दख्खनच्या दोनशेहून अधिक पक्ष्यांची यादी त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. शिंजिराला त्याने संस्थेचे पहिले सचिव व्हिगर्स यांचे नाव दिले. एका रातव्याच्या शास्त्रीय नावात मराठी मुलूख गुंफला. पुढे हा शिंजीर बराच काळ दुसऱ्या एका जातीचा पोटभेद मानला गेला. आता त्याला पुन्हा स्वतंत्र जातीचा मान मिळाला आहे.

साहेब पुढे मोठा झाला. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक, १८५६ मध्ये अध्यक्ष आणि १८५७ पासून १८७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ॲबर्डीनचा खासदार. ज्यांनी त्याला पायवाटा दाखवल्या, पाखरे धरून दिली, त्या माणसांची नावे मात्र कुणाच्या ओठी राहिली नाहीत.

सातारा-सांगलीच्या पश्चिमेकडची कोयना आणि चांदोलीची जंगले २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आली, त्यामुळे तिथल्या शिंजिराला आसरा आहे. साइक्सचे स्वतःचे नाव ज्याला मिळाले, तो चंडोल मात्र कोरड्या, खडकाळ माळरानांचा पक्षी. त्याचे वर्णनही १८३२ मधलेच. माण, खटाव, आटपाडी, जत भागातले असे माळ आपल्या लेखी पडीक ठरतात. नांगर फिरला, झाडे लावली की जमीन कामी आली असे आपण म्हणतो. गवतात घरटे करणाऱ्या चंडोलाचे मात्र तेव्हाच घर मोडते. साइक्सच्या वहीत त्या माळालाही जागा होती.