फुलांच्या रंगांचे रसायन उलगडणारे डॉ. वेंकटरामन

परतूर - पावसाळा निम्मा सरला, की परतूर परिसरातील काळ्या रानात कपाशी फुलू लागते. अमेरिकन वाणाचे फूल सकाळी उमलते तेव्हा पांढुरके असते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते, मग लालसर होऊन गळते आणि मागे बोंड धरते. देशी कपाशीचे फूल मात्र पिवळे आणि पाकळीच्या तळाशी बहुधा लाल ठिपका. शेतकऱ्याला हे पाठ आहे. या रंगबदलामागील रसायनशास्त्रात ज्या भारतीयाचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत कायमचे कोरले गेले, त्या डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन यांची कर्मभूमी महाराष्ट्र होती.

वेंकटरामन यांचा जन्म 1901 मध्ये मद्रासचा. उच्च शिक्षणासाठी ते मँचेस्टरला गेले आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन केले. रॉबिन्सन यांना पुढे 1947 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पतींतील रंगद्रव्ये हा गुरूंचा आवडता प्रांत. शिष्यानेही तोच धरला. भारतात परतल्यावर लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन करीत असताना फ्लेवोन वर्गातील द्रव्ये प्रयोगशाळेत तयार करण्याचा मार्ग त्यांना सापडला. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर स्वतंत्रपणे त्याच वाटेने गेले होते. म्हणून 1933-34 सालची ही अभिक्रिया आजही बेकर-वेंकटरामन या जोडनावाने ओळखली जाते.

तिचे मोल असे. फुलांतील फिकट पिवळी फ्लेवोन आणि लाल, जांभळी, निळी अँथोसायनिन ही एकाच पंधरा कार्बनी सांगाड्याची भावंडे आहेत. त्यांपैकी कोणते घडायचे, हे फुलाची जनुके कोणती विकरे निर्माण करतात यावर ठरते. शिवाय फ्लेवोनची सोबत मिळाली, की अँथोसायनिनचा रंग निळ्याकडे झुकतो. रॉबिन्सन दांपत्याने 1931 मध्ये या सोबतीकडे लक्ष वेधले होते. आयरिसच्या निळ्या फुलांचे रहस्य यातच आहे. मात्र लालभडक रंग देणारे पेलार्गोनिडिन आयरिसमध्ये बनतच नाही. म्हणून शंभराहून अधिक वर्षे संकर करूनही खरा लाल आयरिस हाती आला नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? वेंकटरामन यांनी स्वतः फुलांचे संकर केले नाहीत. पण निसर्गातील रंगद्रव्याची रचना अमुकच आहे हे कृत्रिमरीत्या तेच बनवून पडताळण्याची सोय त्यांच्या अभिक्रियेने झाली.

1934 मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले. विभाग जेमतेम वर्षाचा होता. जर्मनीने 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणल्यापासून हिंदुस्थानातील निळीची शेती मोडली होती आणि मुंबईच्या गिरण्या परदेशी रंगांवर अवलंबून होत्या. रंग तयार करणारे आणि रंगकाम जाणणारे तंत्रज्ञ देशातच घडविणे, हे काम त्यांनी अंगावर घेतले. 1938 मध्ये ते विभागाचे संचालक झाले. कृत्रिम रंगांवरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचे पहिले दोन खंड 1952 मध्ये प्रसिद्ध झाले. 1978 पर्यंत त्यांच्या संपादनाखाली एकूण आठ खंड निघाले. तरीही नैसर्गिक रंगांची ओढ सुटली नाही. फणसाच्या लाकडातील पिवळी द्रव्ये, लाखेतील तांबडा रंग असे अस्सल देशी विषय त्यांनी विद्यार्थ्यांसह तपासले. फणसाच्या लाकडाच्या रंगात एवढे संशोधन दडलेले असेल, असे कोकणातल्या सुतारालाही वाटले नसेल!

1957 मध्ये ते पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या आधीचे दोघेही परदेशी होते. 1961 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 1966 मध्ये त्यांनी संचालकपद सोडले आणि त्या खुर्चीवर त्यांचेच विद्यार्थी डॉ. बा. द. टिळक बसले. निवृत्तीनंतरही त्यांचे संशोधन थांबले नाही. 1981 मध्ये त्यांचे निधन झाले. परतूर तालुका परभणीतून नव्या जालना जिल्ह्यात आला, तेही हेच वर्ष.

त्यानंतर सहा वर्षांनी, 1987 मध्ये, जर्मनीतील शास्त्रज्ञांनी मक्याचे एक जनुक पेटुनियात घातले. त्या झाडाला पेलार्गोनिडिनची, विटकरी तांबड्या रंगाची फुले आली.