न दिसणारें मूळ : थॉमस मन्सन यांचें चरित्र

पनवेलच्या आसपास राहणाऱ्या आमच्या वाचकांस आंब्याचें कलम कसें बांधितात हें सांगावयास नको. पावसाळ्याच्या आरंभीं रायवळ आंब्याची कोय रुजवितात, तिचा कोंवळा कोंब छाटून त्यावर हापुसाची काडी बसवितात, आणि पुढें त्या झाडास सर्व लोक हापूस म्हणतात. खालच्या रायवळाचें नांव कोणी घेत नाहीं. उन्हाळ्याच्या तोंडीं नाशिकची द्राक्षें घेऊन ज्या मालमोटारी पनवेलजवळून न्हावाशेवा बंदराकडे जातात, त्या द्राक्षांचीहि गोष्ट अशीच आहे. त्यांतील पुष्कळ वेली परक्या मुळावर उभ्या असतात. तें मूळ ज्यांनीं रानांतून निवडून काढिलें, त्या गृहस्थांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

थॉमस व्होल्नी मन्सन यांचा जन्म 26 सप्टेंबर 1843 रोजीं अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत झाला. 1870 सालीं केंटकी येथें त्यांचें उच्च शिक्षण पुरें झालें, व त्याच वर्षीं एका रोपवाटिकेच्या मालकाच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला. तेथेंच एका अध्यापकाच्या मळ्यांतील द्राक्षें पाहून त्यांना या फळाचा जो ध्यास लागला, तो जन्मभर सुटला नाहीं.

1873 सालीं ते नेब्रास्का प्रांतांत गेले व तेथें त्यांनीं द्राक्षें लाविलीं. परंतु अवर्षण, टोळधाड व कडक थंडी यांपुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. तीन वर्षांनीं, म्हणजे 1876 सालीं, ते टेक्सास प्रांतांत रेड नदीजवळील डेनिसन या गांवीं येऊन राहिले. तेथील रानांत जंगली द्राक्षवेली विपुल होत्या. इतरांस जें निव्वळ रान वाटे, तेंच मन्सन साहेबांस भांडार वाटलें. कोणती वेल वाळूंत वाढते, कोणती चुनखडींत, कोणतीस थोडें पाणी पुरतें आणि कोणतीस रोग लागत नाहीं, हें ते घोड्यावरून व आगगाडीनें दूरदूर हिंडून टिपून ठेवूं लागले. या वेलींचा एकमेकींशीं व बागेंतील जातींशीं संकर करून त्यांनीं पुढें सुमारें 300 नव्या जाती तयार केल्या.

याच काळांत फ्रान्स देशावर मोठें संकट आलें होतें. फायलोक्सेरा नांवाची माव्यासारखी बारीक कीड अमेरिकेंतून तिकडे गेली होती. ती मुळांतील रस शोषी, मुळें कुजत, आणि वेल वाळून जाई. पिढ्यान्‌पिढ्यांचे मळे उजाड झाले व हजारों कुटुंबांची भाकर गेली. शेवटीं असें कळून आलें कीं, अमेरिकेंतील जंगली वेली या किडीबरोबरच वाढलेल्या असल्यामुळें त्यांचीं मुळें तिला दाद देत नाहींत. तेव्हां खालीं अमेरिकेचें मूळ व वर आपल्या जातीची काडी, असें कलम फ्रेंच शेतकरी बांधूं लागले. फळ त्यांचेंच राहिलें आणि वेल जगली.

परंतु चुनखडीच्या जमिनींत हा उपाय फसला. प्रथम नेलेल्या मुळांस तेथें लोह घेतां येईना, त्यामुळें पानें पिवळीं पडून वेली खंगूं लागल्या. कोन्याक भागाची जमीन अशीच होती. म्हणून 1887 सालीं फ्रान्स सरकारनें पिएर व्हियाला या विद्वानास अमेरिकेस धाडिलें. मन्सन साहेबांचीं टिपणें या वेळीं कामास आलीं. टेक्सासांतील बेल परगण्यांत चुनखडीच्या टेकड्यांवर ज्या वेली हिरव्यागार राहतात, त्यांकडे त्यांनीं बोट दाखविलें, व त्यांच्या काड्या जमवून पाठविण्यास साहाय्य केलें. त्यांतील बर्लांडिएरी नांवाच्या वेलीची काडी सहज मूळ धरीत नसे. म्हणून फ्रेंचांनीं तिचा इतर वेलींशीं संकर केला, आणि त्यापासून चुनखडींत टिकणारे खुंट निर्माण झाले. हें कार्य एकट्याचें नव्हतें. मिसूरी प्रांतांतील हर्मन येगर यांनींहि पूर्वींच पुष्कळ खुंट फ्रान्सला पाठविले होते. तथापि 1888 सालीं फ्रान्स सरकारनें मन्सन साहेबांस कृषिसेवेचा बहुमान दिला. 1909 सालीं त्यांचा द्राक्षांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि 21 जानेवारी 1913 रोजीं डेनिसन येथें ते निवर्तले.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्याकडे फायलोक्सेराचें संकट आलें नाहीं. आपलें संकट खाऱ्या पाण्याचें व अवर्षणाचें. पूर्वी नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांत द्राक्षाची काडी सरळ जमिनींत लावीत. विहिरींचें पाणी खोल गेलें व खारट झालें, तेव्हां थॉमसन सीडलेस व तिच्यापासून निवडलेल्या जाती स्वतःच्या मुळांवर खंगूं लागल्या. त्या वेळीं डॉगरिज हा खुंट उपयोगीं पडला. बेल परगण्यांतील डॉग रिज या ठिकाणची ही जंगली वेल मन्सन साहेबांनींच निवडलेली होती. खारें पाणी व पाण्याची तूट ती सोसते. आतां शेतकरी प्रथम खुंटाचें रोप लावितो, आणि पावसाळा सरतां सरतां त्यावर हव्या त्या जातीचें पाचर कलम भरितो.

तरी येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. डॉगरिजाचा जोर फार. भारी, सकस जमिनींत त्यावरील वेल पानांनीं व फांद्यांनीं माजते. एप्रिलच्या खरडछाटणीनंतर काडींत जे घड धरावयाचे ते कमी धरतात, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मांडव हिरवा पण घड विरळ असें होतें. अशा ठिकाणीं 110 आर यासारखा मध्यम जोराचा खुंट बरा पडतो; तो त्याच बर्लांडिएरी वेलीच्या संकरांतून झालेला आहे. यास्तव माती व पाणी तपासल्यावांचून शेजाऱ्याचें पाहून खुंट निवडूं नये. पुण्याजवळ मांजरी येथें 1997 सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानें या निवडीचा बराच अभ्यास केला आहे.

मन्सन साहेबांनीं ज्या 300 जाती लेंकरांप्रमाणें वाढविल्या, त्यांतील बहुतेकांचीं फळें आज बाजारांत दिसत नाहींत. ज्या रानवेलीचें फळ कोणी विकत घेत नाहीं, ती मात्र आमच्या शेतकऱ्यांच्या मांडवाखालीं मातीआड राहून हंगामामागून हंगाम भार वाहत आहे. आमच्या ज्या वाचकांस यंदा कलमें लावावयाचीं असतील, मग तीं द्राक्षांचीं असोत वा आंब्यांचीं, त्यांनीं रोपवाटिकेंत गेल्यावर वरची जात कोणती एवढेंच विचारून परतूं नये. खालीं मूळ कोणतें आहे हेंहि अवश्य विचारावें.