हिमाचा बर्फ कसा होतो? आल्फ्रेड वेगेनर आणि ग्रीनलँडची गोष्ट

आल्फ्रेड वेगेनर हे नाव तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचलंय. खंड सरकतात, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकेकाळी जोडलेले होते, असं म्हणणारे शास्त्रज्ञ ते हेच. परीक्षा संपली की आपण त्यांना विसरतो. पण मला त्यांची दुसरी बाजू जास्त आवडते. हा माणूस मुळात हवामान आणि बर्फाचा अभ्यासक होता. हिमाचा बर्फ कसा होतो हे समजून घ्यायचं असेल, तर त्यांच्या आयुष्यासारखं दुसरं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

कोण होते वेगेनर?

जन्म १ नोव्हेंबर १८८०, बर्लिन. पीएचडी खगोलशास्त्रात, पण ओढ हवेची. १९०६ मध्ये भाऊ कुर्टसोबत ते बलूनमध्ये सलग ५२ तासांहून जास्त उडत राहिले. तो तेव्हाचा विक्रम होता. त्याच वर्षी ते पहिल्यांदा ग्रीनलँडला गेले. १९१२-१३ मध्ये पुन्हा गेले आणि जे. पी. कोख यांच्यासोबत अख्खा हिवाळा बर्फावर काढला. तिथे त्यांनी हाताने ड्रिल मारून सुमारे २४ मीटर खोलपर्यंत बर्फाचं तापमान मोजलं.

१९१५ मध्ये त्यांचं खंडांवरचं पुस्तक आलं. बऱ्याच भूगर्भशास्त्रज्ञांनी ते उडवून लावलं. वेगेनर मात्र मोजमापं करत राहिले.

आधी थोडं विज्ञान

ताजं हिम म्हणजे बहुतेक हवाच. एक घनमीटर ताज्या हिमाचं वजन साधारण ५० ते १०० किलो भरतं. तेवढ्याच घट्ट बर्फाचं वजन असतं ९१७ किलो. मधली हवा जाते कुठे?

१. नाजूक चांदण्यांची टोकं झिजतात आणि त्यांचे गोल दाणे होतात. वरून नवं हिम पडत राहतं, त्याच्या भाराने दाणे सरकून जवळ येतात. डब्यात तांदूळ भरून डबा आपटला की तांदूळ खाली बसतात ना, तसंच.

२. उन्हाळा काढूनही जे हिम टिकतं, त्याला फिर्न म्हणतात (खायची फिरनी नव्हे!). इथे दाणे एकमेकांना चिकटून वाढू लागतात. इतक्या थंडीत कसं काय? कारण बर्फाच्या हिशेबाने उणे ३० अंश म्हणजे वितळणबिंदूपासून फार लांब नाही. त्यामुळे रेणू हळूहळू जागा बदलत राहतात.

३. घनता ८३० किलोच्या आसपास पोहोचली की दाण्यांमधल्या वाटा बंद होतात. उरलेली हवा बुडबुड्यांत अडकते. आता तो खरा बर्फ झाला. पुढे वजनाने बुडबुडेही आवळले जातात.

आल्प्ससारख्या ठिकाणी वितळलेलं पाणी दाण्यांत झिरपून पुन्हा गोठतं, म्हणून हे काम काही दशकांत होतं. ग्रीनलँडच्या मध्यभागी पाणी जवळजवळ नसतंच. तिथे सुमारे ७० मीटर खोली आणि दोनशेहून जास्त वर्षं लागतात.

१९३० ची मोहीम

वेगेनर यांना ग्रीनलँडच्या पोटात वर्षभर चालणारं केंद्र हवं होतं. पश्चिम किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, जवळपास ३,००० मीटर उंचीवर. त्याचं नाव आइसमिट्टे, म्हणजे बर्फाचा मध्य.

सुरुवातीलाच गडबड झाली. किनाऱ्यावरचं समुद्री बर्फ वेळेत फुटलं नाही, महिन्याहून जास्त काळ वाया गेला. सामान ओढायला पंख्यावर चालणाऱ्या मोटर-स्लेज आणल्या होत्या, म्हणजे तेव्हाचं एकदम लेटेस्ट तंत्रज्ञान. पण ताज्या, भुसभुशीत हिमात त्या अडकल्या. हिम अजून घट्ट झालं नव्हतं, एवढंच कारण.

आइसमिट्टेवर गेओर्गी आणि सोर्गे हे दोघे होते. त्यांची झोपडी पोहोचलीच नाही. मग त्यांनी फिर्नमध्ये गुहा खोदली. फिर्नमध्ये हवा अडकलेली असते, म्हणून ते स्वेटरसारखं काम करतं. गुहेतल्या थंडीत तग धरता येत होता.

हे किनाऱ्यावर कळायचा मार्ग नव्हता. वायरलेसही पोहोचला नव्हता. दोघांना सामान मिळालं नाही तर ते मरतील, या काळजीने वेगेनर २१ सप्टेंबरला निघाले. सोबत फ्रिट्झ लोवे आणि १३ ग्रीनलँडवासी. थंडी उणे ५० च्या खाली गेली आणि एकेक करत बहुतेक जण परतले. राहिला फक्त २३ वर्षांचा रासमुस विलुमसेन. ३० ऑक्टोबरला तिघे पोहोचले, पण वाटेत सामान टाकावं लागल्याने हातात जवळजवळ काहीच नव्हतं. लोवेंची पायाची बोटं थंडीने गेली होती, ते तिथेच थांबले.

१ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर आणि विलुमसेन परत निघाले. दोघेही किनाऱ्यावर पोहोचले नाहीत.

मे १९३१ मध्ये साधारण अर्ध्या वाटेवर हिमात उभ्या केलेल्या स्की दिसल्या. खाली वेगेनर यांचा देह होता, नीट शिवून, व्यवस्थित पुरलेला. बहुधा हृदय बंद पडलं असावं. पुरणारा विलुमसेन होता. तो स्वतः मात्र कधीच सापडला नाही. खंडांच्या धड्यात त्याचं नाव नसतं, म्हणून मी ते इथे मुद्दाम लिहितोय.

हाती काय लागलं?

त्या हिवाळ्यात सोर्गेंनी गुहेतून खाली सुमारे १५ मीटरचा खड्डा खणला आणि थराथराची घनता मोजली. हिम खोलीनुसार कसं घट्ट होत जातं, याची ती मौल्यवान नोंद ठरली. तापमान आणि हिमवर्षाव सारखाच राहिला, तर ठरावीक खोलीवरची घनता बदलत नाही, या नियमाला आज सोर्गेंचं नाव आहे. बुडबुड्यांतली जुनी हवा तपासणारे शास्त्रज्ञ बर्फ आणि हवेचं वय जुळवताना फिर्नचं हेच गणित वापरतात.

आणि खंड? वेगेनर यांच्या काळच्या साधनांना ती हालचाल पकडता आली नाही. आज उपग्रहांच्या मदतीने काम करणारी अचूक जीपीएस केंद्रं वर्षाला काही सेंटीमीटरची सरक सहज मोजतात.

वेगेनर यांना तिथेच ठेवलं गेलं. त्यावर दरवर्षी नवं हिम साचतंय. फोनवर नकाशा उघडा आणि ७१ अंश उत्तर, ४० अंश पश्चिम शोधा. तिथे आइसमिट्टे होतं. तिथून पश्चिमेकडे किनाऱ्याच्या वाटेवर, खूप खोल कुठेतरी, ज्या हिमात ते पुरले गेले, त्याचा आता बर्फ होतोय.