घसा बसायचा, म्हणून त्यांनी आरसा लावला : फ्रेडरिक अलेक्झांडर यांची गोष्ट

ज्याचं पोट आवाजावर चालतं, त्याचा घसा वरचेवर बसू लागला तर? गोळ्या, गुळण्या, वाफारा, मौन असं सगळं करून पाहिलं, तरी कामाला उभं राहिलं की आवाज पुन्हा दगा देतो. ऑस्ट्रेलियातल्या एका तरुण कलाकारावर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हीच वेळ आली होती. त्यांचं नाव फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर.

कारकून ते कलाकार

अलेक्झांडर यांचा जन्म २० जानेवारी १८६९ रोजी टास्मानिया बेटावर झाला. लहानपणापासून त्यांची तब्येत नाजूक होती आणि श्वसनाचा त्रास पाठीला लागलेला होता. तरुणपणी काही वर्षं त्यांनी कथिलाच्या खाण कंपनीत कारकुनी केली. विशीत ते मेलबर्नला आले आणि नोकरी सांभाळत अभिनय शिकू लागले. शेक्सपिअरच्या नाटकांतले उतारे एकट्याने रंगवून सादर करणं हा त्यांचा आवडता प्रकार. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा तो स्वतःच्या दमावर.

जम बसत असतानाच त्यांचा आवाज घोगरा होऊ लागला. ते बोलताना श्वास ओढतात तो ऐकू येतो, असंही लोक सांगू लागले. डॉक्टर झाले, आवाजाचे शिक्षक झाले, फरक पडेना. एका महत्त्वाच्या कार्यक्रमाआधी डॉक्टरांनी दोन आठवडे घशाला पूर्ण विश्रांती द्यायला सांगितली. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आवाज अगदी मोकळा होता. निम्म्यावर येईपर्यंत घोगरेपणा परतला आणि शेवटी तर बोलणंही अवघड झालं.

मग चुकतंय कुठे?

विश्रांतीने घसा बरा होतो आणि सादर करताना बिघडतो, याचा अर्थ सादर करताना आपणच काहीतरी चुकीचं करत असलो पाहिजे, असा तर्क त्यांनी मांडला. डॉक्टरांना तो पटला. पण नेमकं काय चुकतंय, हे त्यांनाही सांगता येईना. मग अलेक्झांडर यांनी आरसा लावला आणि स्वतःचं निरीक्षण सुरू केलं.

साधं बोलताना काही वावगं दिसलं नाही. उतारा म्हणायला घेतला की मात्र तीन गोष्टी दिसायच्या. डोकं मागे ओढलं जायचं, स्वरयंत्र खाली दाबलं जायचं आणि तोंडाने धापेसारखा श्वास आत घेतला जायचा. पुढे बारकाईने पाहिल्यावर हेच साध्या बोलण्यातही सौम्यपणे घडत असल्याचं लक्षात आलं. डोकं मागे जाऊ दिलं नाही, की उरलेल्या दोन सवयीही कमी व्हायच्या आणि घोगरेपणा उतरायचा.

इथे गोष्ट संपली असं वाटेल. पण खरी अडचण पुढेच होती. डोकं आपण पुढे ठेवतो आहोत अशी त्यांची खात्री होती. दोन्ही बाजूंना आणखी दोन आरसे लावल्यावर दिसलं, की ते अजून मागेच जात होतं. जुनी सवय इतकी मुरली होती, की चूक तीच बरोबर वाटत होती.

जोर लावून सुधारायला गेलं, की सवय आणखी घट्ट व्हायची. म्हणून त्यांनी उलटी वाट धरली. बोलायचं ठरवलं, तरी लगेच बोलायचं नाही. क्षणभर थांबायचं, मान मोकळी सोडायचं मनाशी ठेवायचं आणि मग बोलायचं, गप्प राहायचं की नुसता हात उचलायचा, हे ठरवायचं. या खटपटीत काही वर्षं गेली. घशाचा जुना त्रास मात्र गेला.

मेलबर्नहून लंडनला

मेलबर्न आणि सिडनीत लोक त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. १९०४ मध्ये ते लंडनला गेले. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ, लेखक आल्डस हक्सली, अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी त्यांच्याकडे धडे घेतले. १९३१ मध्ये त्यांनी शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम सुरू केला आणि १९३२ मध्ये ‘द यूज ऑफ द सेल्फ’ या पुस्तकात आरशांची ही सगळी हकिगत लिहिली. ऑक्टोबर १९५५ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. ‘अलेक्झांडर तंत्र’ आज अनेक नाट्य आणि संगीत विद्यालयांत शिकवलं जातं.

हे तंत्र म्हणजे प्रत्येक घशावरचं औषध नव्हे. स्वरतंतूंवरची गाठ, पित्ताचा त्रास किंवा त्याहून गंभीर आजारानेही आवाज बसतो. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. अलेक्झांडरही आधी डॉक्टरांकडेच गेले होते. तपासणीत काही निघालं नाही आणि विश्रांतीनंतरही त्रास परतत राहिला, तर मात्र आपण बोलतो कसे, हे एकदा आरशात पाहायला हरकत नाही.