हेन्री क्ले : तडजोडीची किंमत

हेन्री क्ले १८२४, १८३२ आणि १८४४ अशा तीन वेळा अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभे राहिले आणि तिन्ही वेळा पराभूत झाले. तरीही त्या काळातील अमेरिकेचा आर्थिक इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. बऱ्याच अध्यक्षांविषयी असे म्हणता येणार नाही.

१७७७ साली व्हर्जिनियात जन्मलेले क्ले विसाव्या वर्षी वकिली करण्यासाठी केंटकीत आले. १८०६ मध्ये ते सिनेटमध्ये गेले, तेव्हा घटनेने घातलेली तीस वर्षे वयाची अटही पुरी झाली नव्हती. १८११ मध्ये प्रतिनिधिगृहात प्रवेश करताच, पहिल्याच दिवशी, ते सभापती झाले. ब्रिटनविरुद्धच्या १८१२ च्या युद्धाचे ते आग्रही पुरस्कर्ते होते. या युद्धाने देशाचे औद्योगिक परावलंबन आणि सरकारी तिजोरीची दुर्बलता उघडी पाडली. १८११ मध्ये राष्ट्रीय बँकेच्या सनदेस विरोध करणाऱ्या क्ले यांनी १८१६ मध्ये नव्या बँकेस पाठिंबा दिला. अनुभवाने मत बदलणे हा दोष मानण्याचे कारण नाही.

संरक्षक आयात जकात, राष्ट्रीय बँक आणि केंद्राच्या खर्चाने रस्ते व कालवे ही त्यांच्या 'अमेरिकन पद्धती'ची त्रिसूत्री. उत्तरेचे कारखाने, पश्चिमेचे धान्य आणि दक्षिणेचा कापूस यांची देशांतर्गत बाजारपेठ उभारावी, हा तिचा गाभा. १८१६ च्या जकात कायद्यात सुती कापडाची किंमत वारास किमान २५ सेंट धरून त्यावर २५ टक्के जकात बसविली गेली. त्यामुळे हिंदुस्थानातून जाणारे स्वस्त जाडेभरडे कापड त्या बाजारातून जवळजवळ हद्दपार झाले. आपल्याकडे याची फारशी दखल घेतली जात नाही.

ब्रिटनला कापूस विकणाऱ्या दक्षिणेला मात्र या जकातीत केवळ महागाई दिसली. नोव्हेंबर १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने जकात कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरविला. अध्यक्ष जॅक्सन बळाच्या तयारीत असताना, १८४२ पर्यंत जकात २० टक्क्यांवर आणण्याचा तोडगा क्ले यांनीच १८३३ मध्ये काढला. स्वतः लावलेले झाड स्वतःच छाटून त्यांनी संघराज्य सावरले. आदल्याच वर्षी, बँकेची मुदत संपण्यास चार वर्षे असताना, निवडणुकीत मुद्दा मिळावा म्हणून त्यांनी सनदेच्या नूतनीकरणाचा हट्ट धरला होता. जॅक्सन यांनी नकाराधिकार वापरला आणि २१९ विरुद्ध ४९ मतांनी क्ले यांचा धुव्वा उडाला. हा जुगार होता, मुत्सद्देगिरी नव्हे.

परंतु त्यांच्या हिशेबाची खरी चूक अन्यत्र होती. क्ले गुलामगिरीला अनिष्ट म्हणत आणि स्वतःच्या ॲशलंड मळ्यावर गुलामांकडून हेंप या वाखाच्या पिकाची लागवड करून घेत. त्यांच्या घरातील शार्लट डुपी या गुलाम स्त्रीने १८२९ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात स्वातंत्र्यासाठी दावा लावला. ती हरली, आणि क्ले यांनी तिला मुक्त केले ते १८४० मध्ये. १८२० ची मिसूरी तडजोड त्यांनी घडवून आणली. तिने गुलामगिरीस सीमारेषा आखून दिली, प्रश्न सोडविला नाही. १८४४ मध्ये टेक्ससच्या विलीनीकरणास आधी विरोध करून, मग दक्षिणेच्या मतांसाठी त्यांनी भाषा मवाळ केली. न्यूयॉर्क राज्य सुमारे पाच हजार मतांनी गेले व त्याबरोबर अध्यक्षपदही. तेथे गुलामगिरीविरोधी उमेदवाराने पंधरा हजारांहून अधिक मते घेतली होती.

१८५० मध्ये, क्षयाने खंगलेल्या अवस्थेत, त्यांनी अखेरची तडजोड मांडली. एकत्रित विधेयक कोसळले. स्टीफन डग्लस यांनी तिचे तुकडे वेगवेगळे संमत करून घेतले. त्यांतील पळून आलेल्या गुलामांना परत धाडण्याच्या कायद्याने उत्तरेत असंतोष पेटविला. २९ जून १८५२ रोजी क्ले वॉशिंग्टनमध्ये निधन पावले.

डिसेंबर १८६० पासून दक्षिणेतील राज्ये फुटून निघू लागली आणि त्यांचे प्रतिनिधी काँग्रेस सोडून गेले. १८६१ मध्ये वाढीव जकात संमत झाली, १८६२ मध्ये पॅसिफिकपर्यंतच्या रेल्वेस केंद्राचे साहाय्य मिळाले आणि १८६३ मध्ये राष्ट्रीय बँकांचा कायदा झाला. ज्यांच्या संमतीसाठी क्ले आयुष्यभर आपला कार्यक्रम छाटत राहिले, ते सभागृहातून उठून गेल्यावर तो कार्यक्रम मार्गी लागला. त्या कायद्यांवर सही करणारे बहुतेक वेळा लिंकन होते, आणि ते तरुणपणापासून क्ले यांचे अनुयायी होते.